वरच्या खोलीतली

फोन वाजला तेव्हा माझा एक हात पाठीमागं वळवलेला होता आणि झग्याची चेन निम्म्यावर अडकली होती. शनिवारी दुपारी मला कोणाचे फोन येत नाहीत. मी ज्यांना लागतो ते सगळे दातांचे डॉक्टर, आणि शनिवारी दुपारी तेही जेवून झोपतात. मी त्यांच्यासाठी कवळ्या करतो. पन्नाशी उलटली तरी तेच करतोय. फोनवर मेव्हणीचं नाव दिसलं, आणि बायको तर तिच्याकडंच गेली होती. दर शनिवारी जेवणं आटोपली की ती बहिणीकडं जाते आणि संध्याकाळी सहाला परत येते. मेव्हणीनं त्या वेळात मला फोन करावा म्हणजे नक्कीच काहीतरी झालं असणार. मी चेन तशीच सोडून फोन उचलला.

"भावोजी, ताईला द्या ना जरा. तिचा फोन बंद लागतोय."

"ताई तर तुझ्याकडं आलीय," हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते कसे गिळले मलाच माहीत. "ती बाहेर गेलीय," मी म्हणालो.

"हो का? बरं, आली की फोन करायला सांगा. किती दिवसांत भेटच नाही हो आमची. तिलाही वाटत असेल, लहान बहीण विसरली. पण काय करू, या नव्या नोकरीत शनिवारीसुद्धा मान वर करायला मिळत नाही. वर्ष होत आलं, शनिवारी मी घरी म्हणून नसते. तुमचा आवाज असा का येतोय? झोपला होतात का?"

"हो," मी म्हणालो. खोटं बोलायची सवय असली की ते असं वेळेला धावून येतं.

फोन ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसलो. वर्ष होत आलं. म्हणजे वर्षभर दर शनिवारी माझी बायको केस विंचरून, पर्स घेऊन, "येते हं" म्हणून जाते ती कुठंतरी दुसरीकडंच जाते. आणि आल्यावर मला सांगते, बहीण बरी आहे, भाचा अभ्यास करत नाही, त्यांच्याकडं पाणी दोन दिवस येत नव्हतं. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगायला लाज वाटते. कोणी पुरुष असेल, हेही आलं. समोरच्या आरशाकडं लक्ष गेलं आणि हसावं की रडावं कळेना. अंगावर बाईचा झगा, ओठांना रंग, पायांत उंच टाचा, आणि डोक्यात अस्सल नवऱ्याचा संशय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. मी इथं बसून काय करत होतो? पण मी जे करत होतो ते तिच्या परवानगीनं करत होतो, असंही मनातल्या मनात म्हणून पाहिलं. हो, परवानगी होती. तिनंच मला अर्धं कपाट दिलं होतं, त्याची किल्ली दिली होती आणि आठवड्यातली एक दुपार दिली होती. बदल्यात एकच गोष्ट मागितली होती: "माझ्यासमोर नको. सहाला मी येईन तेव्हा मला माझा माणूस दिसू दे." मी कबूल केलं. भिकाऱ्याला आवडनिवड नसते. आजवर एकदाही सहाच्या पुढं गेलो नाही, आणि तीही एकदा सहाच्या आधी आली नाही.

उठून चेन वर ओढली. ती आता निमूटपणे गेली. सरळ, पूर्ण उंचीच्या आरशासमोर उभा राहिलो. झगा माझ्या मापाचा आहे. माप घेऊन, फोनवर बोट फिरवून मागवता येतो आता, आणि आणून देणारा मुलगा खोक्यात काय आहे ते विचारत नाही. केसांचा टोप खऱ्या केसांचा आहे. छातीला जे लावतो ते हातात घेतलं तर कोणाही शहाण्या माणसाला क्षणभर फसवेल. चपला माझ्या पायाच्या. सगळं जिथल्या तिथं. आणि आरशातली बाई माझ्याकडं बघत होती तशी एखाद्या दुकानाच्या काचेमागची बाई रस्त्याकडं बघते. वर्षभर, खरं तर त्याहूनही अधिक, मला हे असं होतंय. कपाट उघडताना जीव उचंबळून येतो, आणि सगळं अंगावर चढलं की आत काहीतरी बसून जातं. मग मी उरलेली दुपार पलंगावर बसून काढतो, मासिकं चाळतो, आणि पाच वाजले की जवळजवळ सुटका झाल्यासारखा उतरवायला लागतो. आंधळ्यानं एक डोळा मागितला, देवानं दोन दिले, आणि आता आंधळ्याला पहिली काठीच आठवतेय.

काठी म्हणजे ती खोली. मी विशीत होतो, दातांच्या लॅबमध्ये नुकता लागलो होतो, आणि एका म्हाताऱ्या विधवेच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली घेतली होती. एक खाट, एक खिडकी, भिंतीला एक खुंटी, आणि दाढीचा आरसा. तळहातापेक्षा थोडा मोठा. पूर्ण माणूस त्यात मावायचा नाही. गुडघे बघायचे तर आरसा जमिनीवर टेकवून मागं सरकायचं, कंबर बघायची तर खाटेवर ठेवायचा, मान आणि तोंड बघायला पुन्हा खुंटीला. त्यामुळं ती बाई मला कधीच एकदम भेटली नाही. तुकड्यातुकड्यानं यायची, आणि ते तुकडे मी खाटेवर पडून डोळे मिटून जोडायचो. जोडताना हात सैल सोडायचो, जरा इकडं, जरा तिकडं. त्या जोडलेल्या बाईइतकी देखणी बाई मी पुन्हा पाहिली नाही. केस लोकरीचे होते. मोठ्या बहिणीनं थंडीसाठी विणून दिलेला काळा मफलर मी एका सुट्टीत उसवला आणि ती लोकर एका फडक्यावर शिवली. लोकर उसवली की तिला वळणं राहतात, धुतली तरी जात नाहीत, त्यामुळं केस आपोआप कुरळे झाले आणि मला ते फार आवडले. बहीण पत्रातून विचारायची, मफलर वापरतोस ना? मी लिहायचो, हो. खोटं नव्हतं ते.

आणि नखं! नखांची आठवण आली की अजून हसू फुटतं. लॅबमध्ये कवळीची गुलाबी हिरडी आणि दात ज्या पावडरीचे करतात ती थोडी उरायची. तिच्यात थेंबथेंब औषध घातलं की ती मऊ होते आणि मग दगडासारखी घट्ट. मी माझ्याच नखांवर मेणाचा पातळ थर देऊन त्यावर लांब, टोकदार नखं बसवली, घासली, चकचकीत केली. कौशल्यात कमी नव्हतोच. फक्त उरलेली पावडर ज्या छटेची होती ती साठीच्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या दाढेची छटा होती. माझ्या दहाही बोटांवर म्हाताऱ्याच्या दाढा उगवल्या. मी त्यांना लाल रंग दिला तर रंग धरेना. शेवटी तशीच मिरवली. छातीचं तर विचारूच नका. पाखरांना घालतात ते बारीक धान्य मी दोन मोज्यांत भरायचो आणि गाठ मारायचो. वजन अगदी बरोबर यायचं, हललं की जिवंत वाटायचं. पण मोजे जुने, त्यांना भोकं. मी खोलीभर डौलात फिरायचो आणि मागं दाण्यांची रांग लागायची. नंतर केरसुणीनं गोळा केलं तरी फटीत राहायचेच. एक दिवस घरमालकीणबाई उंदीर धरायचा पिंजरा घेऊन वर आल्या. "दाणे सांडलेत सगळीकडं. तू पाखरं पाळलीस का?" मी म्हटलं, खिडकीत घालतो कधीकधी. त्या म्हणाल्या, "पुण्य कर, पण उंदरांना नको." पिंजरा खाटेखाली ठेवून गेल्या. त्यानंतर दर वेळी त्या पिंजऱ्यात टाच अडकणार नाही ना, ही एक नवी काळजी मागं लागली.

टाच. तिथंच सगळं आहे. जुन्या बाजारात एका ढिगात मला उंच टाचांच्या चपला मिळाल्या होत्या, मापाला एक नंबर लहान. माझी टाच मागं लटकायची. त्यामुळं मला पुढं झुकून, पोट आत घेऊन, अगदी लहान लहान पावलं टाकावी लागायची, आणि त्या पावलांनीच मला चालायला शिकवलं. आता मापाच्या चपलेत मी पुरुषासारखा चालतो. जमीन लाकडी फळ्यांची होती. दर रविवारी दुपारी मालकीणबाई खाली झोपायच्या असं मी धरून चाललो होतो. त्या झोपायच्या नाहीत. पडून राहायच्या आणि वर बघायच्या.

एका रविवारी मी कपडे बदलून पाणी भरायला खाली उतरलो तर त्या नळापाशी उभ्या. "खोली देताना मी काय सांगितलं होतं?" मला कळेना. "बाई आणायची नाही, असं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "कोणी बाई येत नाही हो." "मला शिकवू नकोस. कान आहेत मला. टक टक टक टक. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. बाई कशी चालते ते मला कळत नाही?" मी शपथ घेतली. आईची घेतली. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांना वाटलं असावं, पोरगा पक्का बनेल आहे. "येते कुठून ते कळत नाही मला. मी तर जिन्याच्या तोंडाशी झोपते. भिंतीवरून येते की काय?" आणि मग, रागाच्या भरात असतानाच, जरा थांबून: "चाल मात्र चांगल्या घरातल्या पोरीची आहे. थिल्लर नाही." पाण्याची बादली घेऊन मी जिना चढलो आणि दार लावून खाटेवर बसलो.   मी त्या दिवशी जितका सुखी होतो तितका पुढं लग्नाच्या दिवशीही नव्हतो, हे लिहिताना वाईट वाटतं पण खरं आहे. जगात एका तरी माणसानं तिला ऐकलं होतं. मी तिला कधी पूर्ण पाहिलं नव्हतं, ती फक्त माझ्या डोक्यात आणि दाढीच्या आरशात होती. आणि खाली एक म्हातारी छताकडं बघत पडली होती आणि म्हणत होती, वर बाई आहे.

त्यानंतर बाईंनी तिचं नाव 'वरची' ठेवलं. "काल आली नाही वाटतं तुझी वरची?" "वरचीला म्हणावं, जरा हळू चाल, माझं डोकं दुखतंय." एका उन्हाळ्यात त्यांनी मला लॅबमधून येताना अडवलं. "ऐक. मी काही राक्षसीण नाही. किती दिवस हे असं चोरून? पोरीला काय वाटत असेल? लग्न करून टाक तिच्याशी. मला आधी दाखव, मग कर." मी मान खाली घातली. मला मनापासून दाखवावंसं वाटलं. दाखवलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. बहुधा बिछाना रस्त्यावर आला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्यांच्याकडून खोली जायच्या भीतीपेक्षा मला जास्त भीती होती ती 'वरची' जायची. त्यांनी मला लोकरीच्या केसांत आणि दाढेच्या नखांत पाहिलं असतं, तर त्यांच्या डोक्यातली ती चांगल्या घरातली पोर त्याच क्षणी मेली असती. म्हणून मी दाखवलं नाही, आणि दर रविवारी त्यांच्यासाठी चालत राहिलो. हो, त्यांच्यासाठीच. आधी मी माझ्यासाठी चालायचो. मग खालच्या कानांसाठी चालायला लागलो. खिडकीपाशी वळताना जरा थांबायचो, बाहेर बघत उभं राहिल्याचा भास होईल इतका वेळ.

आमच्या लॅबचे मालक, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, मला शिकवताना सांगायचे, "सगळे दात एका रांगेत बसवलेस तर कवळी हसते, माणूस हसत नाही. एखादा जरा आत घे, एखादा वळव. तोंडात गेल्यावर आपोआप खरं होतं." मी ते हातानं शिकलो आणि पुढं तीस वर्षं त्यावर पोट भरलं. घरी, या बाईला सजवताना मात्र, विसरलो. पण हेही खरं नाही. मास्तरांचं वाक्य या दुपारी आठवून उपयोग काय? मी उद्या पुन्हा लोकरीचे केस लावले तरी ती खोली परत येणार नाही. अडचण केसांची नव्हतीच. सगळं तुटपुंजं होतं म्हणून गोड होतं, असं मी इतके महिने स्वतःला सांगत होतो; गरिबी गेली की माणसं गरिबीचे गोडवे गातात तसं. आज आरशासमोर उभा राहून, बायको कुठं गेलीय ते माहीत नसताना, मला पहिल्यांदा नीट कळलं की मला काय हवंय. या घरात या बाईला कोणी ऐकत नाही. ती कपाटातून निघते, आरशात जाते, आरशातून पुन्हा कपाटात. जिच्यामुळं हे सगळं आहे ती माझी बायको दर शनिवारी घराबाहेर असते. मला तिनं बघायला हवं होतं. बघून तोंड फिरवलं असतं तरी चाललं असतं.

लग्न ठरलं तेव्हा मी खोली सोडली. मफलरचे केस, मोजे, चपला, सगळं एका पिशवीत भरून नदीवर नेऊन सोडलं. पिशवी बराच वेळ बुडेना, नुसती गोल फिरत राहिली. आता संपलं, असं मला मनापासून वाटलं होतं. लग्नाळू पोरांना काय काय वाटतं. मालकीणबाईंना मी सांगायला गेलो तेव्हा त्या तांदूळ निवडायला घेतलेलं ताट पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. "मुलगी कोणती? तीच ना?" मी म्हटलं, नाही, घरच्यांनी बघितलेली. त्यांचे हात थांबले. "आणि त्या पोरीचं काय?" त्याच पुढं म्हणाल्या, "दोन वर्षं ती तुझ्या खोलीत येत होती. मी ऐकलीय ती. आणि आता घरच्यांनी बघितलेली?" मी म्हटलं, "ती गेली." "गेली नाही, तू घालवलीस," त्या म्हणाल्या, आणि ताटाकडं बघायला लागल्या. मी निघालो त्या दिवशी त्या बाहेर आल्या नाहीत. टांगा वळेपर्यंत मी मागं बघत होतो. माझ्यासाठी नाही, पण तिच्यासाठी त्या रुसल्या होत्या, आणि त्या रुसव्याचा मला अजूनही आधार वाटतो. तिच्यासाठी दुसरं कोण रुसलं?

लग्नानंतर किती वर्षं काहीच नव्हतं. मग पुन्हा सुरू झालं, कधी ते सांगता येणार नाही. दुधाची तहान ताकावर भागवावी तसं, बायको घरी नसताना तिचं एखादं वस्त्र अंगावर धरायचं, मग घालायचं, मग पुन्हा जसंच्या तसं घडी करून ठेवायचं. घडीत मी कधी चुकलो नाही. चुकलो ते वेगळ्याच ठिकाणी. तिचा एक निळा झगा होता, त्याचा मानेमागचा हूक तुटला होता आणि तिथं ती टाचणी लावायची. वर केसांचा अंबाडा, कोणाला दिसायची नाही. एका दुपारी मी तो घातला आणि ती टाचणी माझ्या मानेत घुसली. शहाण्या माणसानं झगा काढून ठेवला असता. मी काढला, आणि मग तो तुटलेला हूक माझ्यानं बघवेना. माझ्या पेटीत कवळी दाताला अडकवायचा आकडा करायची बारीक तार असते. ती वाकवून मी नवा हूक केला, इतका सुंदर की दुकानात मिळणार नाही, आणि शिवला. टाचणी डबीत ठेवली. हौसेला मोल नसतं म्हणतात, तसंच हौसेला अक्कलही नसते.

चार दिवसांनी ती झगा हातात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. "हा हूक तुमच्या तारेचा आहे." घरात चष्म्याची काडी, छत्री, तिची पर्स, सगळं मी त्याच तारेनं नीट केलेलं, तिला ती तार पाठ होती. मी म्हटलं, "हो, तुटला होता ना, म्हणून लावला." ती म्हणाली, "मी तुम्हाला तुटलाय असं कधी सांगितलं नव्हतं. टाचणी बाहेरून दिसत नाही. मग तुम्हाला कळलं कसं?" मला एक तरी थाप सुचायला हवी होती. आयुष्यभर थापा मारत आलेला मी, त्या दिवशी तोंडातून एकच शब्द निघाला. "टोचली," मी म्हणालो. ती कितीतरी वेळ माझ्या मानेकडं बघत राहिली. मग विचारलं, "कधीपासून?" "तुझ्या आधीपासून." "माझ्यात काही कमी होतं का?" मी नाही म्हटलं. ते नाही तिला पटलं की नाही ते मला अजून माहीत नाही. पुढचा आठवडा आम्ही जेवायला वाढ आणि दिवा घालव एवढंच बोललो. आणि मग एका सकाळी उठून बघतो तर तिनं कपाटाची डावी बाजू रिकामी केली होती, फळ्या पुसून कागद घातले होते. "चोरून नको," ती म्हणाली. "शनिवारी मी बहिणीकडं जात जाईन." मी तिच्या पाया पडलो असतो. तेव्हा मला ते केवढं मोठं दान वाटलं! दान होतंच. फक्त ते देऊन ती दरवेळी जिना उतरून कुठं जाते, हे मी एकदाही खिडकीतून बघितलं नाही. मी कपाट उघडत असायचो.

बाहेर उन्हं कलली होती. खालच्या मजल्यावरच्या मुलांचा चेंडू भिंतीवर आपटत होता. दर शनिवारी या सुमाराला मी टोप काढतो, तोंडाला तेल लावून रंग पुसतो, नाकाच्या कडेला, भुवयांत काही राहिलं नाही ना ते बघतो. हात सवयीनं टोपाकडं गेलाही. आणि मी तो खाली घेतला. काढायचं नाही, असं ठरवलं. धीर वगैरे काही नव्हता त्यात.  तिला आज माझ्याकडून एक प्रश्न ऐकावा लागणार होता, कुठं होतीस, आणि तो प्रश्न मी शर्ट-पँट घालून, काहीच न झाल्यासारखा, घरचा धनी होऊन विचारायचा? ज्या कपड्यांपायी ती घराबाहेर होती तेच कपडे कपाटात लपवून? एवढा बेशरम मी नाही. तिला तिचा माणूस बघायचा असेल तर तो असाही आहे. ती निघून जाईल, माहेरी जाईल, मला घराबाहेर काढेल. जे होईल ते होईल. मी बाहेरच्या खोलीत आलो. या वेशात मी त्या खोलीत कधी आलो नव्हतो. पलंगाच्या खोलीचं दार ही माझी हद्द होती. जेवणाचं टेबल, तिचा चष्मा, टीव्हीवरचं पांघरूण, सगळं मला पहिल्यांदाच बघत असल्यासारखं वाटलं. खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो.

सहाला अजून अवकाश होता. म्हणून जिन्यावर पावलं वाजली तेव्हा मला वाटलं, वरच्या मजल्यावरचं कोणी असेल. कुलपात किल्ली फिरली.

ती दारात उभी राहिली. माझ्याकडं बघितलं आणि लगेच खाली बघितलं, चपलांकडं. किल्ली हातातच होती. दोघांनीही आज नियम मोडला होता.

"मी लवकर आले," ती म्हणाली.

"बहिणीचा फोन आला होता."

 दार मागं लोटून घेतलं, तेवढं आधी केलं तिनं.

"कुठं होतीस?"

"मोठ्या दवाखान्यात."

 "काय झालंय तुला?"

"मला काही झालं नाही. तिथं बाकं आहेत, पंखा आहे. आधी बागेत बसायचे, पण बागेत लोक ओळखी काढतात. दवाखान्यात कोण कोणासाठी बसलंय ते कोणी विचारत नाही." भिंतीला टेकून ती बोलत होती, जमिनीकडं बघत. "ती शनिवारी नसते हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही सगळं बंद केलं असतं. मग पुन्हा चोरून. मला चोरी नको होती घरात. म्हणून बसायचे. वर्ष निघालं की."

"अगं पण..."

"आज एका म्हातारीनं विचारलं. शेजारी बसली होती. म्हणाली, तुमचं कोण आहे आत? मी म्हटलं, नवरा. ती म्हणाली, काय झालंय त्यांना? आणि मला काही सांगताच येईना. तिला वाटलं फार वाईट आहे. तिनं माझा हात धरला, पाणी आणून दिलं. मी रडायला लागले." तिनं डोळे पुसले नाहीत. "मग मी उठले. माझ्याच घरी यायला मी सहा वाजायची वाट बघतेय, कंटाळले हो मी."

 "ये ना आत," एवढंच म्हणालो. आवाज घोगरा निघाला, माझाच, पुरुषाचा. ती आली. पर्स टेबलावर ठेवली, खुर्ची ओढून बसली आणि पहिल्यांदा वर बघितलं. वरून खाली, खालून वर, सावकाश. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता येईना. मी खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली होती.

"उभे का? बसा," ती म्हणाली.

मी समोरच्या खुर्चीवर बसलो. आणि एकाएकी तिच्या तोंडातून हसण्यासारखा आवाज आला. पुरतं हसू नव्हतं ते, पण रडूही नव्हतं.

"काय झालं?"

"हे कुठं शिकलात? मागून हात फिरवून, झगा सावरून, असं एका बाजूनं बसायचं?"

मला ते कळलंही नव्हतं. मी तसाच बसतो. विचार करावा लागला.

"तुझ्याकडं बघून," मी म्हणालो.

 खाली मुलांचा चेंडू थांबला होता. "मी अशी बसते?" तिनं विचारलं.

"हो."

"नेहमी?"

"नेहमी."

ती स्वतःच्या मांडीकडं बघत राहिली. मग ती उठली, एक पाऊल बाजूला झाली, आणि माझ्याकडं बघत पुन्हा बसली, सावकाश, आपण कसं बसतो ते बघत.